थम कोणत्या पायावर

१५ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. लष्करी माणसाला रोजनिशी हवी.

मी लष्करी माणूस आहे. कॉलेजात अजून भूगोलच शिकवतो, पण कामठीचं ट्रेनिंग पुरं करून एनसीसीचा लेफ्टनंट होऊन परत आलोय. खांद्यावर दोन स्टार. आरशात पाहिलं. बाजूने पाहू नये, पोट दिसतं. समोरून उत्तम. कामठीला मला कायम मधल्या रांगेत उभं करायचे. मजबूत माणूस मध्ये लागतो बहुधा.

बायकोला, स्नेहलला, सांगितलं, यापुढे कुणाचा फोन आला तर ‘लेफ्टनंट बोरस्ते घरात नाहीत’ असं म्हणायचं. घरात असलास तर काय म्हणू, असं तिने विचारलं. अंबडच्या कंपनीत एचआरला असल्यापासून तिला उलटे प्रश्न विचारायची सवय लागली आहे.

संकल्प: पाचला उठणे. गोड बंद. आवाज कमावणे.

१६ डिसेंबर, सकाळी ७.५०

आत्ता उठलो. कामठीचा शीण. उद्यापासून नक्की.

१७ डिसेंबर, बुधवार

कॉलेजवर माझी पहिली परेड. ‘दाहिने मुड’ म्हणालो आणि नमुना म्हणून स्वतःही वळलो. मी डावीकडे वळलो. मुलं उजवीकडे. उत्तर-दक्षिण मला झोपेतही कळतं, डावं-उजवं हा विषय वेगळा आहे.

पूजा म्हणून सिनियर अंडर ऑफिसर आहे, म्हणजे कॅडेटमधली सगळ्यात वरची. ती म्हणाली, सर, सुरुवातीला होतं असं. फार गोड आवाजात म्हणाली. त्यापेक्षा हसली असती तर बरं झालं असतं.

मला न्यूनगंड वगैरे काही नाही. फक्त आवाजाचा प्रश्न आहे. वडील लासलगावच्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचे. त्यांनी तोंड उघडलं की ट्रॅक्टरवरची झोपलेली माणसं उठून बसायची. मला आईचा आवाज आला आहे, आणि आई मौनव्रत करायची.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बटालियनचे कर्नलसाहेब येऊन परेड बघून गेले.  जाताना म्हणाले, अहिरे साहब से मिलते रहो.

मेजर भिकन अहिरे म्हणजे माझ्या आधीचे. केमिस्ट्री शिकवायचे, एनसीसी बावीस वर्षं चालवली, यंदा जूनमध्ये रिटायर झाले. इंदिरानगरला राहतात. कर्नलसाहेबांच्या बोलण्याचा अर्थ मी ओळखला. रिटायर झालेला माणूस एकटा पडतो, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ही जबाबदारी माझ्यावर टाकली. टाकणारच.

२१ डिसेंबर, रविवार

सरांकडे गेलो. बिचाऱ्यांना सोबत होईल. सोबत म्हणून त्यांनी मला अंगणात सावधान उभं केलं आणि आतून काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा येईपर्यंत सावधानच. सर मूळचे सटाण्याचे, बोलणं तिकडचं. म्हणाले, भाऊ, तू नरड्यातून ओरडतो. आवाज पोटातून यायला पायजे. पोट तर लय हाय तुला.

उद्यापासून सकाळी सहाला जॉगिंग ट्रॅकवर ये म्हणाले. नाही म्हणवेना. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

२२ डिसेंबर, सोमवार

उठलो! (सरांनी फोन केला.)

पद्धत अशी: सर म्हणजे स्क्वाड. मी कमांडर. मी ‘तेज चल’ म्हणायचं, सर एकटे ट्रॅकवर मार्च करत जायचं, मी ‘थम’ म्हटलं की थांबायचं. ‘थांबा’ म्हणून परेडमध्ये कुणी थांबत नाही, ‘थम’च म्हणावं लागतं, आणि तेही ठरलेला पाय जमिनीवर टेकताना. पाय चुकला तर सर थांबत नाहीत.

आज पाय चुकला. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा चुकायला नको म्हणून मी विचार करत राहिलो, तोवर सर ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडले आणि हात हलवत भाजीवाल्यापर्यंत गेले. साठी उलटलेला माणूस, स्वेटर-मफलर घालून, मान ताठ. चालायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. मी पळत गेलो तर म्हणाले, स्क्वाडला डोकं नसतं, भाऊ. ऑर्डर येईपर्यंत चालायचं. तू इसरला तर मी मुंबई नाक्याला जाईन.

येताना त्यांनी मेथी घेतली.

२७ डिसेंबर, शनिवार

डाव्या मनगटावर पेनाने फुली मारली. आंघोळीत गेली.

सरांनी आज एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी परेडला त्यांचे पाय इतके लटपटायचे, की बाहेरून दिसू नये म्हणून शिंप्याकडून पँट ढगळ करून घेतली होती. हे कुणाला सांगितलं नाय, तुला सांगतो, म्हणाले. मला कशाला सांगितलं कळलं नाही. माझे पाय लटपटत नाहीत.

शिंप्याला सहज विचारून ठेवलं. दोन दिवसांत देतो म्हणाला.

१ जानेवारी, गुरुवार

नवे संकल्प. जुनेच आहेत, पण अक्षर चांगलं काढलं.

सव्वीस जानेवारीला कॉलेजात मोठी परेड. सर म्हणाले, कमांड पूजाला देऊ दे. परेड मुलांची असते, आपण मागं उभं राहायचं, नजर ठेवायची. त्यांच्या काळात असेल तसं. माझा निर्णय: कमांड मी देणार. लेफ्टनंट कशासाठी झालो? पूजाला सांगितलं. ती फक्त ‘यस सर’ म्हणाली. शिस्त चांगली आहे पोरीची.

४ जानेवारी, रविवार

रविवार असूनही सराव. विश्रांतीत मुलं सावलीला बसून गप्पा मारत होती. माझा मफलर काल ट्रॅकवर राहिला होता, तो द्यायला अहिरे सर फाटकाशी आले. कुणी काही म्हणालं नाही. शिट्टी नाही, कमांड नाही. सगळी मुलं एकदम उठून सावधान झाली. एकाच्या तोंडात केळं होतं, तो केळ्यासकट.

सर म्हणाले, चालू द्या रे. मफलर दिला आणि गेले.

मी ‘सावधान’ म्हणतो तेव्हा निम्मे होतात. उरलेले शेजाऱ्याकडे बघून होतात.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

६ जानेवारी, मंगळवार

प्राचार्य मॅडमनी बोलावलं होतं. म्हणाल्या, सव्वीसला अहिरे सरांना मंडपात पहिल्या रांगेत बसवू, निवृत्तीनंतरची पहिलीच परेड आहे, पाहुण्यांसोबत तेही निरीक्षण करतील. मला डोळ्यापुढे दिसलं: मी कमांड देतोय आणि सगळी मुलं मंडपाकडे बघताहेत.

तोंडातून गेलं, मॅडम, सरांचा गुडघा फार दुखतो. उभं राहवत नाही त्यांना. बोलावलं तर भिडेपोटी येतील आणि त्रास होईल.

मॅडम अरेरे म्हणाल्या. मग नकोच, म्हणाल्या.

हे अगदीच खोटं नाही. परवा ट्रॅकवर सर गुडघ्याशी हात नेत होते. म्हणजे मोजा वर ओढत होते, पण हात गुडघ्याजवळच होता.

७ जानेवारी, बुधवार

सर आज ट्रॅकच्या पाच फेऱ्या मार्च करत चालले. माझ्यासाठी. एकदाही गुडघ्याला हात लावला नाही. मी वाट बघत होतो.

८ जानेवारी, गुरुवार

काकूंनी सांगितलं, सरांनी ब्लेझर ड्रायक्लीनला टाकलाय. सव्वीससाठी. आतून शिवण उसवली होती, ती पण घालून घेतली.

पोहे खाल्ले नाहीत. काकूंना वाटलं तिखट झाले. दुसरे करते म्हणाल्या. मी घशाचं कारण सांगितलं तर गरम पाणी आणि हळद. मला या घरात कुणीतरी रागावायला हवं आहे.

१० जानेवारी, शनिवार

आज सरांना सांगून टाकलं. म्हणजे पूर्ण नाही. म्हणालो, सर, यंदा कार्यक्रम छोटाच आहे, बाहेरचं कुणी नाही, आमंत्रणं काढलेली नाहीत.  बरं, म्हणाले. मग म्हणाले, चल, तेज चल दे.

एवढंच. एक शब्द जास्त नाही. मी चार उत्तरं तयार करून गेलो होतो, चारही वाया गेली.

१४ जानेवारी, संक्रांत

सरांनी तिळगूळ दिला. काय बोलायचं ते बोललेच. मी वडी खिशात ठेवली, गोड बंद आहे ना. संध्याकाळी खिशात हात घातला तर सगळी चिकटलेली. खाल्ली.

निर्णय: उद्या मॅडमना सांगायचं की गुडघा बरा झाला. गुडघे बरे होतात.

१५ जानेवारी, गुरुवार

मॅडम मीटिंगमध्ये.

१६ जानेवारी, शुक्रवार

मॅडम मोकळ्या होत्या. मी मीटिंगमध्ये आहे असं त्यांना कळवलं.

सकाळी ट्रॅकवर सरांनी एकाएकी विचारलं, काय रे गोरक्ष, माझी तब्येत कशी वाटती तुला? मी म्हणालो, फर्स्ट क्लास, सर. ते म्हणाले, मंग बरं. आणि नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त चालले, पाय उगाच जोरात आपटत. या वयात माणसाला कौतुक लागतं.

२० जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. मी ‘थम’ म्हणालो आणि सर थांबले.

पाय बरोबर होता. आवाज पोटातून आला होता, मला स्वतःला वाटलं दुसरंच कुणी ओरडलं. सर तसेच पाठमोरे उभे. मग वळले आणि हसले, आणि तिथे बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजोबांना सांगितलं, बघितलं का, माझा पोरगा हाय हा.

मला रडू आलं. धूळ होती.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण इतकी चांगली सकाळ खराब कशाला करायची? उद्या सांगतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

घसा बसला. भूगोलाच्या प्रयोगशाळेत दार लावून ‘थम’चा सराव केला त्याचा परिणाम. शिपाई दीपक घाबरून आत आला होता, त्याला वाटलं मी कुणाला मारतोय. काकूंनी ज्येष्ठमध पाठवलं. सरांच्या हाती. गुडघा दुखणाऱ्या माणसाने चालत आणून दिलं.

२५ जानेवारी, रविवार

स्नेहल माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. उद्या अहिरे सर किती वाजता येणार, असं तिने विचारलं. मी खरं सांगितलं. म्हणजे गुडघ्यापर्यंतचं सांगितलं, मग ती बघतच राहिली म्हणून उरलेलंही सांगितलं.

ती म्हणाली, रोज पहाटे तुझ्यासाठी लेफ्ट-राइट करत फिरणाऱ्या माणसाला तू लंगडा केलास? आत्ता जा आणि पाया पड. मी म्हणालो, आता उशीर झाला, खुर्च्यांची मांडणी झाली आहे. तिने इस्त्री ठेवून दिली. उरलेली बाही तू कर, म्हणाली.

एका बाहीला आता दोन घड्या आहेत.

मी वाईट माणूस नाही. वाईट माणसाला इतकं वाईट वाटत नसतं.

२६ जानेवारी, सकाळी ५.३०

आपोआप उठलो. पँट ढगळ करून घेतली ती घातली आहे. उपयोग होतोय.

मनाशी ठरवलं: परेड उत्तम झाली की थेट सरांकडे जायचं, पेढे घेऊन, आणि सांगायचं, सर, हे तुमच्यामुळे. मग ते बाकीचं आपोआप माफ करतील. यशाला सगळं माफ असतं.

२६ जानेवारी, दुपारी १

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

झेंडावंदन छान झालं. पाहुणे, अंबडचे एक कारखानदार, मंडपात पहिल्या रांगेत. मी माईकसमोर. ‘तेज चल’ म्हणालो. मुलं निघाली, काय सुंदर निघाली. मैदानाच्या टोकाला ‘थम’ द्यायचं होतं. मी पाय बघायला लागलो. आणि मला पायांच्या जागी सरांचे पाय दिसायला लागले, कॅनव्हासचे बूट, वर ओढलेले मोजे. पाहुण्यांशेजारी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मॅडमनी शेवटपर्यंत ठेवली होती, कदाचित येतील म्हणून.

‘थम’ आलंच नाही. शब्दच गेला. मुलं मैदान संपवून मंडपाकडे निघाली. मी माईकवर म्हणालो, अरे थांबा. कुणी थांबलं नाही. बरोबरच आहे, सरांनी तयार केलेली मुलं, ‘अरे थांबा’ ही कमांड नाही. मी म्हणालो, थांबा ना रे. मग म्हणालो, प्लीज. साऱ्या कॉलेजने ऐकलं. कारखानदार खुर्ची उचलून बाजूला झाले.

तेवढ्यात पूजाने रांगेतून ‘थम’ दिलं. पोटातून. योग्य पायावर. सगळी मुलं एका ठोक्यात थांबली. पहिली रांग आणि सत्काराचे नारळ यांच्यामध्ये हातभर अंतर होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच बसवलं आहे.

नंतर मॅडम म्हणाल्या, सर असते तर किती आनंद झाला असता त्यांना पूजाला बघून. पुढे मॅडमच म्हणाल्या, मी चौदा तारखेला तिळगुळाच्या निमित्ताने फोन केला होता त्यांना. गुडघ्याचं विचारलं, तर म्हणाले, हो मॅडम, लेफ्टनंट बरोबर सांगतात, दुखतो फार, उभं नाही राहवत.

चौदा तारखेला.

म्हणजे सोळाला ‘माझी तब्येत कशी वाटती’ विचारलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. वीसला ‘माझा पोरगा हाय’ म्हणाले तेव्हा ठाऊक होतं. ज्येष्ठमध आणून दिलं तेव्हाही. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते स्वतः खोटं बोलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला येऊन माझ्यासाठी चालले.

पुढे लिहवत नाही.

२६ जानेवारी, संध्याकाळ

गेलो सरांकडे. युनिफॉर्मवरच. पेढे घेतले नाहीत.

दारात सर ब्लेझर घालून उभे. काकू म्हणाल्या, सकाळपासून अंगावर आहे, झेंडावंदनाच्या वेळी गच्चीवर जाऊन एकटेच सावधान उभे होते. मला काय करावं सुचेना, मी सॅल्यूट ठोकला. सरांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. टोपी गाडीतच राहिली होती. टोपीशिवाय सॅल्यूट नसतो, म्हणाले, कामठीला काय शिकवलं तुला?

कबूल करायलाच गेलो होतो. तोंडातून निघालं, सर, गुडघा कसा आहे?

सर म्हणाले, तूच सांग. तुला जास्त माहिती.

मग परेड कशी झाली ते विचारलं नाही. पूजाचा फोन येऊन गेला असणार. परवा सहाला ये, एवढंच म्हणाले.

२८ जानेवारी, बुधवार

आजचं शेवटचं. यानंतर रोजनिशी बंद. लष्करी माणसाला रोजनिशी लागतेच असं नाही.

सहाला ट्रॅकवर. सर म्हणाले, आज तू स्क्वाड, मी कमांडर. तेज चल.

मी निघालो. आज कबूल करायचंच होतं, चालता चालता वाक्यं जुळवत होतो. ‘सर, मी खोटं बोललो’ इथून सुरुवात करावी की ‘सर, त्याचं काय झालं’ इथून? दुसरी बरी वाटली. त्या नादात फाटक गेलं, भाजीवाला गेला, कोपऱ्यावरचं दूध केंद्र गेलं. मग मागून कुणीतरी दंड धरला. सर होते, धापा टाकत, पण चेहरा फुललेला.

म्हणाले, वा भाऊ! मी थम दिलं, मुद्दाम चुकीच्या पायावर दिलं, आन तू थांबला नाय. पाय कळायला लागला तुला.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पण इतक्या दिवसांनी ते असे खूश दिसत होते. म्हणालो, हो सर, लगेच ओळखलं मी. पाय चुकीचाच होता.

 सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग म्हणाले, मी थम दिलंच नव्हतं.

आणि वळून ट्रॅककडे निघून गेले.

मी दूध केंद्रासमोर सावधान उभा राहिलो. दुसरं काही करता येईना. पिशव्या घ्यायला आलेली माणसं मला वळसा घालून जात होती. शरम वाटत होती, आणि कारणं शोधायची म्हटली तर एकही सापडत नव्हतं, एरवी किती सापडतात.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फाटकाकडून आवाज आला. पीछे मुड. तेज चल.

हे मात्र खरंच ऐकू आलं. वळलो. सरांच्या समोर जाईपर्यंत चाललो, आणि एकही वाक्य न जुळवता सुरुवात केली. गुडघ्यापासून केली. आवाज फुटत नव्हता.

सर म्हणाले, ऐकू येत नाय. पोटातून बोल.